न ऐकलेले सुतक

गेनबा जासुदाने पाणी घेतले नाही.

एरवी तो आला की आधी कचेरीच्या ओट्यावर बसकण मारी, पागोटे सोडून त्यानेच वारा घेई, गूळपाणी मागून घेई आणि मगच छावणीकडची खबर सांगायला तोंड उघडी. आज तो ओट्याकडे फिरकलाच नाही. शनिवार पेठेतल्या त्या अरुंद रस्त्याच्या पलीकडे, समोरच्या भिंतीच्या सावलीत तो उभा राहिला. बायडा मोलकरीण तांब्या घेऊन गेली, तशी त्याने हात मागे घेतले आणि नुसती मान हलवली. तांब्या भरलेला गेला आणि भरलेलाच परत आला.

आनंदी माजघराच्या दारात हळदीकुंकवाचे तबक लावत होती. बायडाने तांब्या तिच्यासमोरच खाली ठेवला आणि कोणाकडे न पाहता ती परसात निघून गेली. तेवढ्यावरून घरात सगळ्यांना समजायचे ते समजले. मरणाचा सांगावा आणलेला माणूस सांगावा दिल्याशिवाय त्या घरचे पाणी पीत नाही.

सरदार जयसिंगरावांची छावणी भीमेपलीकडे होती आणि या घरातले दोन पुरुष त्या छावणीत होते. एक आनंदीचा नवरा दिगंबर. दुसरा तिच्या थोरल्या जाऊबाईंचा, मथुराबाईंचा, एकुलता एक मुलगा श्याम. काका-पुतणे एकाच राहुटीत झोपत, एकाच दौतीत बोरू बुडवत. सांगावा दोघांतल्या एकाचा होता. कोणाचा, ते रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक होते.

आनंदीने तबकातला करंडा उचलला, परत ठेवला. 

"त्या जासुदाशी कोणी बोलायचं नाही."

श्रीधरपंत कचेरीतून आत आले होते. मथुराबाईंचे यजमान गेल्यापासून घर आणि फडणिशी दोन्ही या मधल्या भावाच्या हातात होते. अंगावर सोवळे, कपाळाला ओले गंध, पण बोलणे कारकुनाला हुकूम सोडावा तसे.

"बायडालाही सांगून ठेवा. तो आला तसा उभा राहू दे. तुळई चढवायचा मुहूर्त झाला की मी स्वतः त्याला बोलावीन."

त्यांच्या मागोमाग उपाध्ये आले. म्हातारे, किडकिडीत, आणि शास्त्र विचारले की आधी खाकरून घेणारे. श्रीधरपंतांनी त्यांच्याकडे पाहिले. "सांगा यांना."

उपाध्ये खाकरले. "घरातल्या घरात मृत्यू झाला तर सुतक त्या क्षणापासून. परमुलखातला मृत्यू असेल तर बातमी कानावर पडल्यापासून. जे ऐकलं नाही, ते लागलं नाही."

"आणि ऐकलं तर?" श्रीधरपंतांनीच विचारले.

"तर दहा दिवस. तुळई, पूजा, काही नाही."

"आणि तांब्या भरलेला परत आला, त्याचं शास्त्र काय?" दाराआडून मथुराबाईंचा आवाज आला. मंगलकार्याला विधवेने समोर यायचे नव्हते, म्हणून त्या सकाळपासून माजघराच्या दाराआड बसून होत्या.

"तांब्या बोलत नाही, वहिनी," श्रीधरपंत म्हणाले.

या घराचा दर्शनी भाग म्हणजेच सरदारांची कचेरी. सरदारांच्या घराण्याने मुलूख मिळवायचा आणि या घराण्याने त्याचे दफ्तर राखायचे, असे तीन पिढ्या चालत आले होते. गेल्या मोहिमेत सरदारांना कर्नाटकातले आणखी महाल-परगणे मिळाले, तशी कचेरी पुरेना. रुमालात बांधलेली दफ्तरे फडताळातून ओसरीवर आली, ओसरीवरून जिन्यात. कारकून गुडघ्याला गुडघा लावून लिहायला बसू लागले. तेव्हा श्रीधरपंतांनी काम काढले. वर एक मजला चढवायचा, आणि मागच्या अंगाला तीन खण कचेरीत घ्यायचे. ते तीन खण म्हणजे मथुराबाईंची खोली. त्यांना कोणी विचारले नाही. भिंत पाडली त्या दिवशी त्यांचे अंथरूण माजघराच्या कोपऱ्यात येऊन पडले आणि त्यांनी ते मुकाट्याने पसरले.

आता छप्पर उतरले होते. नवे खांब उभे होते, त्यांच्यावर आकाश होते, आणि सगळे दफ्तर अंगणात बांबूच्या ताट्यांखाली झाकून ठेवलेले होते. आज दुपारी तुळई चढली नाही तर परवा शुक्राचा अस्त, मागोमाग आषाढ, आणि मग कार्तिकापर्यंत मुहूर्त नाही. पावसाळाभर दफ्तर असे उघड्यावर ठेवता येणार नव्हते. सरदारांचे दुसरे कारभारी आपाजीपंत दफ्तर आपल्या घरी हलवायला टपूनच होते. त्यांनी जागाही करून ठेवली होती म्हणे, याच पेठेत.

श्रीधरपंतांच्या बाजूने एवढे सगळे होते. आनंदीला ते पटत होते, आणि तरी तिला त्यांचा राग येत होता.

"मग ओटी कोण भरणार?" मथुराबाईंनी विचारले.

मुख्य तुळई चढवताना तिला लेकीसारखी मानून घरच्या सवाष्णीने कुंकू लावायचे, खणानारळाने ओटी भरायची, आणि मगच सुतारांनी दोर ओढायचे, असा रिवाज होता. हा मान श्रीधरपंतांच्या कुटुंबाचा, मुक्ताबाईंचा. पण मुक्ताबाई कालच बाहेरच्या झाल्या होत्या आणि परसातल्या पडवीत घोंगडीवर वेगळ्या बसल्या होत्या. घरात दुसरी सवाष्ण एकच होती.

"आनंदी भरील," श्रीधरपंत म्हणाले.

"तिला हात लावू देऊ नका, भावोजी. उद्या लोक बोट दाखवतील. म्हणतील, रांडावलेल्या हाताने तुळई चढवली, मग कचेरीचं असं झालं नि तसं झालं."

आनंदीने मान वर केली. थोरल्या जाऊबाई आजवर तिच्याशी असे कधी बोलल्या नव्हत्या.

"जाऊबाई, अजून कोणी काही सांगितलेलं नाही."

"तेच तर मी म्हणतो," श्रीधरपंत म्हणाले. "ऐकलं नाही तोवर ती सवाष्णच आहे. नंतरचं नंतर पाहू."

नंतरचं नंतर पाहू. चौकात निघून गेल्यावरही त्यांचे ते शब्द माजघरात राहिले. नंतरचे म्हणजे न्हावी, आलवण, आणि मथुराबाईंच्या अंथरुणाशेजारी दुसरे अंथरूण. हे सगळे त्यांनी नारळ आणि सुपाऱ्या मोजाव्यात तितक्या सहज बाजूला काढून ठेवले होते.

बाहेर सनईवाल्यांनी सूर लावून पाहिला. सुतारांचा म्होरक्या बजरंग दोरखंड ओले करा म्हणून ओरडत होता. माजघरात दोघीच उरल्या.

"माझ्याकडे अशी बघू नकोस," मथुराबाई म्हणाल्या.

"कशी?"

"मी तुझ्याकडे बघतेय तशी."

आनंदी खाली बसली. मथुराबाईंच्या आलवणाचा रंग धुऊन धुऊन विटला होता आणि पदराखाली डोक्याचा गोल दिसत होता. या घरात आली तेव्हा आनंदी नऊ वर्षांची होती. वेणी घालायला याच जाऊबाई बसत. तेव्हा त्यांचे स्वतःचे केस कमरेपर्यंत होते.

"मघापासून मी देवाला एकच मागतेय," मथुराबाई म्हणाल्या. "काय ते तुला सांगण्यासारखं नाही."

"मीही तेच मागतेय, जाऊबाई. नाव तेवढं दुसरं."

मथुराबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. रागावल्या नाहीत. "मागणारच. तुझ्या जागी मीही मागितलं असतं."

"मग मघाशी तसं का बोललात?"

"मला वाटलं, मोठ्याने बोललं की खरं होईल. तुझं झालं की माझं टळेल." त्या थांबल्या. "श्यामला राहुटीत जमिनीवर झोपवत नाही. दमा आहे. दिगूभावोजी त्याला स्वतःची बाज देतात. गेल्या खेपेला गेनबानेच सांगितलं."

आनंदीला ते ठाऊक नव्हते. नवरा निघताना तिच्याशी जे बोलला होता ते साधे होते. नव्या मजल्याला रस्त्याच्या अंगाने खिडकी ठेवायला दादांना सांग, लिहून लिहून डोळे जातात. तिने मुक्ताबाईंकरवी ते श्रीधरपंतांच्या कानावर घातले, तर उत्तर आले की खिडकी ठेवली की कारकून बाहेर बघतात.

"मी विचारून येते," आनंदी म्हणाली.

"कोणाला?"

"गेनबाला."

"वेडी आहेस का? भर रस्त्यात? आणि ऐकलंस की संपलं सगळं."

"न ऐकता ओटी भरली आणि मागून कळलं, तर त्या कुंकवाचं मी काय करू? तो हात कोणाला दाखवू?"

मथुराबाईंनी तिचा पदर धरायला हात पुढे केला आणि मागे घेतला. आनंदी सोवळ्यात होती. अडवायचे तर शिवावे लागले असते, आणि शिवले की ओटी गेली.

परसातून बोळात जायचे दार मुक्ताबाईंच्या पडवीवरूनच होते. मुक्ताबाई घोंगडीवर बसून वाती वळण्याचे काम नसल्याने नुसत्याच बोटे वळत होत्या. आनंदीला पाहून त्यांनी पाय आखडते घेतले.

"कुठे निघालीस, ते विचारत नाही," त्या म्हणाल्या. "लांबून जा. मला शिवलीस तर तुझ्या भावोजींचा मुहूर्त माझ्या डोक्यावर बसेल."

"तुम्ही त्यांना सांगाल?"

"चार दिवस ते माझ्याशी बोलत नाहीत. कसं सांगू?"

आनंदी बोळातून वळसा घालून रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला आली. डोक्यावरून पदर ओढून घेतला तरी दोन-तीन माणसांनी वळून पाहिलेच. फडणिसांच्या घरची सून उन्हाची एकटी रस्त्यावर, हे पेठेत रोज दिसणारे नव्हते. गेनबाने तिला ओळखले आणि घाईघाईने दोन पावले मागे सरकला.

"लांब ऱ्हावा, बाईसाहेब. सुतकी हाय मी."

आनंदी होती तिथेच थांबली. 

"तू सुतकी?"

"व्हय जी. सरदार गेलं. ज्वर चढला तो उतरलाच न्हाई. भावकीतला हाय मी त्यांच्या, लांबचा असलो तरी दहा दिस धरावंच लागत्यात. तुमच्याकडं मांडव दिसला, सनई ऐकली. म्हनलं, मंगलकार्य हाय, आपली शिवाशिव नको. म्हून तर पानी बी घेतलं न्हाई. तांब्या बाटला असता तुमचा."

आनंदी भिंतीला टेकली. भिंत तापलेली होती.

"आणि आमची माणसं?"

"दोगं बी खुशाल हायती. दिगंबरपंतांनीच तर मला फुडं धाडलं." गेनबा आता भराभर बोलू लागला. मघापासून तोंडात धरलेले त्याला टाकायचे होते. "दादास्नी म्हनावं, उभ्या पायानं वाड्यावर जावा. सरदारांच्या बाईसाहेबांफुडं, तुळजाबाईसाहेबांफुडं, पयला जो रुजू व्हईल, दफ्तर त्येच्या हाती ऱ्हाईल. आपाजीपंतांचा मानूस बी माझ्यासंगंच सुटला हुता. लोनी काळभोरात त्येचं घोडं लंगडलं, म्हून मी म्होरं आलो. पर दुपार टळायच्या आत त्यो बी पोचंल. मी हाळी देनार, तर त्या बायडानं सांगितलं, कुनी बोलायचं न्हाई तुझ्याशी."

आनंदीला हसू आले आणि ते तिने दाताखाली धरले. या घराण्याला सरदारांच्या मृत्यूचे सुतकच नव्हते. जात वेगळी, कुळ वेगळे. ज्या सुतकाच्या भीतीने हे घर मघापासून कान झाकून बसले होते ते रस्त्यापलीकडच्या माणसाचे स्वतःचे होते, आणि या घराला ते लागू नये म्हणून तोच बिचारा बाहेर ताटकळत उभा होता.

"वाड्यावर कळलं?"

"न्हाई अजून. आधी तुमाला, मग वाड्यावर, असं पंतांचं सांगनं हाय. आता किती वेळ उबा ऱ्हाऊ?"

"थोडा थांब," ती म्हणाली. "सांगते मी त्यांना."

तेव्हा तिला खरोखर सांगायचे होते. हे नंतर तिने स्वतःला अनेकदा बजावले, आणि ते खरेही होते.

परसातून आत आली तर श्रीधरपंत चौकातच तिला शोधत होते. "कुठे होतीस? वेळ भरत आली." मग त्यांचे लक्ष तिच्या पायांकडे गेले. पावलांवर रस्त्याची धूळ होती. त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"भावोजी," आनंदी म्हणाली. दिराशी ती अशी समोरासमोर कधी बोलली नव्हती. "बातमी आहे, पण ती आपण समजता तशी—"

"एक अक्षर बोलू नकोस."

"आपल्याच फायद्याचं आहे. आत्ताच्या आत्ता आपल्याला—"

"आनंदी." आवाज चढला नाही, पण चौकातले सुतारही थांबले. "तू काय ऐकलंस ते तुझ्यापाशी. माझ्या कानावर पडलं नाही, उपाध्यांच्या कानावर पडलं नाही. पाय धू आणि ये."

"मग मी ओटी भरायची ती काय म्हणून?"

"घराची सून म्हणून. या तुळईवर वीस माणसांचं पोट आहे. त्यात तुझंही आहे." त्यांनी सनईवाल्यांकडे हात केला. "वाजवा."

सनई सुरू झाली. आनंदीचे पुढचे बोलणे तिच्यातच बुडाले. श्रीधरपंत पाठ फिरवून चालू लागले होते.

ती पाय धुऊन माजघरात आली. मथुराबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या.  आनंदीच्या कपाळाकडे त्यांचे डोळे गेले, तिथे कुंकू जागच्या जागी होते. ते पाहून त्यांचा चेहरा असा झाला की आनंदीला एक क्षणही थांबवेना.

"श्याम खुशाल आहे," ती कानाशी म्हणाली. "दोघेही खुशाल आहेत. सरदार गेले."

मथुराबाई हळूहळू खाली बसल्या. तोंडावर पदर धरला. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मग पदर बाजूला केला तेव्हा डोळे कोरडे होते आणि आवाज नेहमीचा.

"मग भावोजींना सांगितलंस?"

"सांगत होते. ऐकत नाहीत. लगेच वाड्यावर गेले नाहीत तर आपाजीपंत जातील. दफ्तर जाईल."

मथुराबाईंनी उघड्या चौकाकडे पाहिले. नव्या खांबांच्या पलीकडे, जिथे आधी त्यांची खोली होती तिथे, चुन्याची पाटी उपडी पडली होती.

"काय म्हणाले ते नेमकं?"

"मुहूर्त होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही."

"मग होऊ दे."

"जाऊबाई, फडणिशी जाईल."

"कोणाची? माझ्या नवऱ्याची होती, ती भावोजींनी घेतली. श्याम मोठा झाला की त्याची, असं तेव्हा म्हणाले. श्यामला छावणीत धाडलं आणि माझी खोली दफ्तराला दिली." त्या शांतपणे बोलत होत्या. "मी कुठे तुला खोटं बोलायला सांगतेय? त्यांनी घातलेला हुकूम पाळ एवढंच म्हणते. फडणिसांच्या घरात हुकूम पाळतात."

"छावणीतून त्यांनी विश्वासाने धाडलंय. त्यांना मी काय सांगू?"

"जे झालं ते."

आनंदी तबक घेऊन चौकात आली. तुळई खांबांच्या मध्ये पाटांवर आडवी ठेवली होती, सागाची, अखंड, सुतारांनी तासून गुळगुळीत केलेली. उपाध्यांचे मंत्र चालू होते. श्रीधरपंत तुळईशेजारी हात जोडून उभे होते. डोळे मिटलेले, ओठ हलत असलेले, कपाळावर घाम. हे काम निघाल्यापासून त्यांना झोप नव्हती, हे तिला माहीत होते. पहाटे पहाटे ते उठून ताट्या नीट झाकल्या आहेत का ते पाहायचे. वाईट माणूस नव्हता. हीच अडचण होती.

तिने कुंकवाचे बोट उचलले आणि थांबली. सनई चालूच होती, पण आनंदी त्यांच्या इतकी जवळ होती की हलक्या आवाजातही ऐकू गेले असते.

"भावोजी, अजून वेळ आहे. एकच वाक्य ऐका."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मुहूर्त होऊ दे. मग दिवसभर बोल."

"मागून म्हणाल, सांगितलं नाही."

"नाही म्हणणार. ओटी भर."

सरदार गेले. दोनच शब्द होते. ते बोलायला त्यांची परवानगी लागत नव्हती. तोंड उघडले की झाले असते, आणि कान झाकायलाही त्यांना वेळ मिळाला नसता. आनंदीने ते शब्द जिभेवर घेतले. मग तिला त्यांचेच शब्द आठवले, नंतरचं नंतर पाहू, आणि तिने तोंड मिटून घेतले.

तिने तुळईला हळद लावली, कुंकू लावले. खण, नारळ, तांदूळ घालून ओटी भरली.  उपाध्यांनी घटिकापात्राकडे पाहून हात वर केला, बजरंगने हाक दिली, सुतारांनी दोर ओढले. तुळई कुरकुरत उचलली, एका अंगाला झुकली, सावरली, आणि वर चढत चढत खांबांच्या खाचांत बसली. बसल्याचा आवाज खालपर्यंत आला. श्रीधरपंतांनी जन्मात पहिल्यांदाच सुताराला नमस्कार केला.

"वाजवा, जोरात वाजवा," ते म्हणाले. सनईवाल्याने गाल फुगवले. सूर खांबांच्या वरून, उघड्या आकाशातून पेठभर गेला. सरदारांचा वाडा दोन आळ्या सोडून होता.

मग ते दारात गेले. पाठ ताठ, चेहरा आधीच दुखवट्याचा. कोण गेले, ते त्यांनी मनाशी ठरवून टाकले असावे, कारण आनंदीजवळून जाताना ते तिच्या डोक्यावर हात ठेवावा तसे थबकले.

"गेनबा, बोल आता."

गेनबा रस्त्याच्या मधोमध आला, उंबऱ्यापासून दूरच थांबला आणि त्याने सगळे सांगितले. सरदार, ज्वर, दोघे खुशाल, वाड्यावर लगेच जा, आपाजीपंतांचा माणूस मागेच आहे. शेवटी म्हणाला, "मागं न्हाई, आता. त्यो मघाच या रस्त्यानं गेला, वाड्याकडं. मला बघून हसला बी."

 श्रीधरपंतांचा हात आधी सनईकडे वर झाला. वाजवणाऱ्याने ते शाबासकीसारखे घेतले आणि आणखी एक तान मारली, मग कोणीतरी त्याचा दंड धरला. सनई थांबली तेव्हा पेठेतला नेहमीचा गलका एकदम ऐकू यायला लागला. धनी मेल्याची वार्ता वाड्यावर पोचत असताना त्यांच्याच कचेरीत सनई वाजत होती, हे आता कोणालाही बोलून दाखवायची गरज नव्हती.

"पागोटं," ते म्हणाले. बायडा धावली. पागोटे त्यांनी कसेबसे डोक्यावर ठेवले. मग ते वळले.

"तुला हे मघाशी ठाऊक होतं."

"हो," आनंदी म्हणाली.

"हेच सांगत होतीस?"

"हेच."

त्यांनी दाराआडच्या सावलीकडे पाहिले. "आणि वहिनी, तुम्हाला?"

"मी काही ऐकलं नाही, भावोजी," मथुराबाई म्हणाल्या. "या घरात मुहूर्ताच्या आधी कोणी काही ऐकत नाही."

 श्रीधरपंत ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त एवढे विचारले, "मी नंतरचं नंतर पाहू म्हणालो, म्हणून?"

आनंदीला खोटे बोलता आले असते. आपण तोंड उघडू दिले नाही, एवढे म्हटले असते तरी पुरले असते आणि तेही खरे होते.

"हो," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, जणू एखाद्या रकमेचा मेळ लागला. जोड्यात पाय घालून ते वाड्याच्या दिशेने निघाले. एकटेच, उन्हात. गेनबा थोडे अंतर ठेवून मागे चालू लागला. कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघेही दिसत होते. त्यांची चाल घाईची नव्हती. घाई करून काही होणार नाही हे त्यांना कळलेले दिसत होते.

परसातून मुक्ताबाईंचा आवाज आला, "काय झालं गं? सनई का थांबली?"

उपाध्ये आपली पळी-पंचपात्री आवरत होते. सुतार खांबांवर पाय सोडून बसले होते आणि खाली बघत होते. काम थांबले की मजुरी थांबते, म्हणून शेवटी बजरंगनेच विचारले, "पंत तर गेले. आता पुढची तुळई चढवायची, की ठेवायची?"

उपाध्यांनी मथुराबाईंकडे पाहिले. मथुराबाईंनी आनंदीकडे. कचेरी राहील की नाही, दिगंबर आता कोणाचा कारकून होऊन परत येईल, आणि आला तर तिच्याशी काय बोलेल, यातले आनंदीला काहीच माहीत नव्हते. तिच्या बोटाला कुंकू होते. ते तिने पदराला पुसले नाही.

"चढवा," ती म्हणाली. "माणसांनाही छप्पर लागतंच."